हॅस्करगिल म्हणवणारी माणसं

एनिड लग्न होऊन हॅस्करगिल झाली तेव्हा बावीस वर्षांची होती. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, दुपारच्या जेवणाला, सासूने तिला सांगून टाकलं की नाव लागलं म्हणून कुणी हॅस्करगिल होत नसतं, ते रक्तात असावं लागतं. बोलताना तिच्या हातात बटाट्यांचं भांडं होतं, बोलून झाल्यावर तिने ते पुढे सरकवलं. सासरा एझ्रा मान खाली घालून जेवत होता. नवरा विल्फ ताटातलं मटण कापत राहिला. एनिडने दोन बटाटे वाढून घेतले. त्या दिवसापासून सासू मरेपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, तिने सासूला ‘मिसेस हॅस्करगिल’ अशीच हाक मारली. दुसरं काही म्हण, असं तिला कुणी सुचवलं नाही.

ऑस्टरडेलच्या खोऱ्यात गाडीरस्ता जिथे संपतो आणि पुढे नुसती मेंढ्यांची पायवाट उरते, तिथे हॅस्करगिल हेड नावाचं दगडी शेतघर आहे. आडनाव त्या जागेवरून आलं. ‘गिल’ म्हणजे डोंगरातली घळ, हे त्या भागात कुणालाही ठाऊक असतं. ‘हॅस्कर’बद्दल मात्र घरात दोन मतं होती. सासूचं, म्हणजे हॅनाचं मत असं, की हॅस्कर हा समुद्रापलीकडून जहाजं घेऊन आलेला कुणी सरदार होता आणि ही घळ त्याने तलवारीच्या जोरावर मिळवली. विल्फ म्हणायचा की ‘हास्क’ म्हणजे राठ, कोरडं. त्या घळीत जे गवत उगवतं ते मेंढीसुद्धा नाइलाज म्हणून खाते, तेव्हा आपलं आडनाव म्हणजे राठ गवताची घळ, त्याहून जास्त काही नाही. हे तो आईसमोर म्हणत नसे. एनिडला सांगे आणि हसे. तरुणपणी विल्फ बराच हसायचा.

लग्नाला सात वर्षं झाली तरी त्यांना मूल झालं नाही. सासू येताजाता म्हणे, “सहाशे वर्षं चालत आलेलं नाव तुझ्या उंबऱ्यावर येऊन थांबलं बघ, पोरी.” आणि त्याच वर्षी, एकोणीसशे अडुसष्ट साली, एझ्राने शेत, घर, मेंढ्या, सगळं धाकट्या मुलाच्या, आर्नल्डच्या नावावर करून दिलं. विल्फ थोरला होता. त्या खोऱ्यात शेत थोरल्याकडे जातं. त्यासाठी कुणाला बसून काही ठरवावं लागत नाही. विल्फला ही गोष्ट कळली ती मेंढ्यांच्या लिलावात, एका परक्या माणसाच्या तोंडून. तो तसाच वर शेतघरी गेला आणि बापाला विचारलं. बाप म्हणाला, “तुला खाणीत काम आहे की.” एवढंच. विल्फने पुढेही दोनदा विचारलं, उत्तर तेच मिळालं. मग त्याने विचारणं सोडलं आणि चुनखडीच्या खाणीत आधीची धरून एकूण तीस वर्षं काढली. पंचावन्नाव्या वर्षी श्वास पुरेनासा झाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात निम्मा डोंगर आहे.

गावात सगळे म्हणत, मूलबाळ नाही म्हणून म्हाताऱ्याने थोरल्याला डावललं. एनिडनेही तेच धरून ठेवलं. आपण एक मूल दिलं असतं तर विल्फ आज खाणीत नसता, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि एक दिवसही विसरली नाही.

ती पोस्टात काउंटरवर कामाला होती. तिथे देशभरातल्या टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या असत. एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून, तिने सहज चाळायला घेतल्या आणि तिच्या लक्षात आलं की सगळ्या देशात मिळून हॅस्करगिल फक्त अठ्ठ्याऐंशी ठिकाणी आहेत, आणि त्यातली एकसष्ट हॅस्करगिल हेडपासून बारा मैलांच्या आत. तिने ते आकडे एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घरी आणले. तिथून जे सुरू झालं ते तेहतीस वर्षं चाललं.

मागच्या बाजूची छोटी खोली रिकामीच होती. लग्नानंतर तिला पिवळा रंग दिला होता, मग तिचा काही उपयोग झाला नव्हता. त्या खोलीच्या भिंतीवर एनिडने नकाशा लावला आणि एकेका माणसामागे एकेक टाचणी टोचली. सुट्टीच्या दिवशी ती चर्चची जुनी बाप्तिस्म्याची पुस्तकं वाचायला जाई, दफनाच्या नोंदी उतरवून आणी, कबरींवरचं शेवाळ ब्रशने घासून काढी. शिसं काढणाऱ्या खाणी बंद पडल्या तेव्हा दोन भाऊ पूर्वेला कोळशाकडे गेले होते. सूतगिरण्या सुरू झाल्या तेव्हा एक कुटुंब डोंगर ओलांडून बर्नलीला गेलं, त्याची आता नऊ घरं झाली होती. एक जण ओंटारिओला जंगल तोडायला गेला, एक न्यूझीलंडला. आणि सगळ्यांच्या मुळाशी, सहाशे वर्षांपूर्वीच्या एका कर-यादीत, चार पेन्स भरणारा एक जॉन, ‘हॅस्करगिलचा’. एवढ्या साऱ्यांचं मूळ एकच माणूस, एकच घर. देशात अशी आडनावं फार थोडी उरली आहेत, असं तिला एका प्राध्यापकाने पत्राने कळवलं. ते पत्र तिने सासूला वाचून दाखवलं. सासू त्या वेळी अंथरुणाला खिळली होती. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “आम्हाला हे माहीतच होतं.”

विल्फ त्या खोलीत फारसा येत नसे. एकदा आला, नकाशासमोर बराच वेळ उभा राहिला, श्वास लागला होता म्हणून खिडकीला टेकला. म्हणाला, “तू माणसं मोजतेयस असं तुला वाटतं. एकेका बापाला चार पोरं, शेत एकालाच. खोऱ्याबाहेरच्या सगळ्या टाचण्या म्हणजे दार दाखवलेली पोरं आहेत.” आणि खाली चहा ठेवायला गेला. एनिडने त्यावर विचार केला नाही. तिला बर्नलीच्या एका नोंदीची तारीख जुळवायची होती.

पुढे कुलमंडळ निघालं. दरवर्षी जूनमध्ये गावच्या सभागृहात मेळावा भरू लागला, साठ-सत्तर माणसं जमत. चहा, सँडविच, एनिडचं भाषण. कधीमधी ओंटारिओहून कुणी यायचं आणि हॅस्करगिल हेडच्या भिंतीला हात लावून रडायचं. आर्नल्ड यजमान म्हणून दारात उभा राही, पण बोलत कमी. ज्या घरात एनिडला सून म्हणून धड खुर्ची मिळाली नव्हती, त्याच घराविषयी लोक आता तिला विचारत. मंडळाचे नियम तिनेच लिहिले. एक नियम असा होता की ज्यांना आडनाव आहे पण रक्त नाही, त्यांची नोंद वंशावळीत न करता शेवटच्या पानावर, ‘नाव धारण केलेले’ या मथळ्याखाली करायची.

या नियमात पहिल्यांदा सापडली ती थेल्मा. ती बर्नलीची, गिरणीतून निवृत्त झालेली, दरवर्षी ओट आणि काकवीचा केक करून आणणारी. तिच्या आजोबांना कुण्या हॅस्करगिल जोडप्याने अनाथ-गरिबांच्या आश्रमातून आणून वाढवलं होतं. हे थेल्मालाही माहीत नव्हतं. एनिडनेच ती नोंद शोधून काढली. थेल्मा दोन बसगाड्या बदलून तिच्या घरी आली, स्वयंपाकघरात कोट न काढता बसली आणि म्हणाली, “माझ्या आजोबांनी त्या दोघांची म्हातारपणी गू-घाण काढली, एनिड. त्यांच्या सख्ख्या पोरांनी नाही काढली. राहू दे ना त्यांना तिथेच. कुणाचं काय जातंय?”

एनिड म्हणाली की तिला फार वाईट वाटतं, पण तिला खोटं लिहिता येत नाही. एक खोटं लिहिलं की साऱ्या कागदांवरचा भरवसा उडतो. तिचं म्हणणं बिनतोड होतं. पण थेल्मा गेल्यावर कप विसळताना तिला जे वाटलं ते वाईट वाटणं नव्हतं. आपल्यापेक्षाही कमी हॅस्करगिल असलेलं कुणीतरी जगात आहे, याचा तिला आनंद झाला होता. तो तिने ओळखला, आणि कप जरा जास्तच घासला. थेल्मा पुन्हा मेळाव्याला आली नाही.

दोन हजार बारा साली ग्रंथ छापायचं ठरलं. ओंटारिओचा रसेल हॅस्करगिल, निवृत्त शिक्षक, मोठा उत्साही माणूस. त्याने सुचवलं की आता रक्ताच्या नात्याची तपासणी करता येते, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून पाठवायची, बापाकडून मुलाकडे काय येतं ते दिसतं. सगळ्या शाखांतून एकेक पुरुष घेतला की वंशावळीवर शिक्काच बसेल. एनिडला हे पटलं. थोरल्या घराकडून विल्फचा नमुना जायला हवा होता.

आर्नल्डला हे कळलं तेव्हा तो मुद्दाम खाली आला. आपण नमुना देणार नाही म्हणाला. आणि जाताना, फाटकाशी, म्हणाला की विल्फलाही त्यात ओढू नकोस, त्याची तब्येत बरी नसते. कापसाच्या काडीला तब्येत कशाला लागते, असं एनिडने विचारलं. आर्नल्ड गाडीत बसला. एनिडला वाटलं, नेहमीचा तुसडेपणा. मग आर्नल्डचा मुलगा ग्रॅहम, जो आता मंडळाचा अध्यक्ष होता, त्याने बापाला न सांगता आपला नमुना पाठवून दिला.

विल्फचंही मन नव्हतं. “नाव म्हणजे जेवायला हाक मारायची सोय,” तो म्हणाला. “त्यात आणखी काय शोधायचं?” एनिड तीन आठवडे त्याच्या मागे लागली. शेवटी एका सकाळी, बातम्या ऐकता ऐकता, त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, “घे एकदाचं.”

निकाल ऑगस्टमध्ये आले. ग्रॅहम ओंटारिओशी जुळला, ओंटारिओ न्यूझीलंडशी, न्यूझीलंड बर्नलीशी. सहाशे वर्षं आणि दोन समुद्र मध्ये असूनही एकच माणूस सगळ्यांत दिसत होता. विल्फ कुणाशीच जुळत नव्हता. त्याच्या नावापुढे पश्चिम आयर्लंडमधली दोन कुटुंबं आली होती, तीही लांबची.

एनिडने पहिल्यांदा नमुन्यांची अदलाबदल झाली असेल असं ठरवलं. मग तिने आपल्याच वह्या काढल्या. एझ्रा आणि हॅनाचं लग्न छत्तीसच्या मार्चमधलं, विल्फचा जन्म छत्तीसच्या जुलैमधला. हे तिला पूर्वीपासून माहीत होतं. घाईची लग्नं काय, प्रत्येक खोऱ्यात होतात. पण आता तिने पुढचंही पाहिलं. खोऱ्यातलं वरचं धरण बांधलं गेलं ती हीच वर्षं. शेकडो मजूर पत्र्याच्या खोपटांत राहत होते, त्यातले निम्मे आयरिश. आणि हॅना लग्नाआधी कुठे कामाला होती, हे त्या घरात कधीही कुणीही बोललं नव्हतं.

त्या दिवशी एनिडला सासूची दया आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. ज्या बाईला ते नाव बाळंतपणाच्या जेमतेम चार महिने आधी मिळालं, ती ते दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि दुसऱ्या बाईला जवळ येऊ देत नव्हती. पण दया फार टिकली नाही. आता ग्रंथात काय लिहायचं, हा प्रश्न होता. एनिडने यादीत विल्फच्या नावापुढे लिहिलं, ‘नमुना खराब झाला’. तेहतीस वर्षांत तिने लिहिलेलं हे पहिलं खोटं.

ते पाच आठवडे टिकलं. रसेलला तपासणीची सगळी पानं त्याच्याकडून उघडून पाहता येत होती, हे एनिडला माहीत नव्हतं. त्याने पाहिली, आणि त्याच्या उत्साही स्वभावाप्रमाणे सगळ्या सभासदांना एकच पत्र पाठवलं, की किती चित्तवेधक गोष्ट सापडली आहे पाहा, आपल्या थोर संपादिकेच्या यजमानांची शाखा वेगळ्याच मुळाची निघाली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. शेवटी त्याने हसरा चेहराही काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्नल्ड आला. विल्फ स्वयंपाकघरात खुर्चीवर होता, बाजूला प्राणवायूची नळकांडी. त्याला पत्र कुणी दाखवलं नव्हतं. आर्नल्डला वाटलं, दाखवलं असेल. तो टोपी हातात धरून म्हणाला, “हे असं कळायला नको होतं, विल्फ.”

“काय कळायला?” विल्फने विचारलं.

मग सांगावंच लागलं. एनिडने सांगितलं, जमेल तेवढ्या थोडक्यात. सांगून झाल्यावर विल्फ तिच्याकडे न बघता भावाकडे वळला.

“तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“अडुसष्टपासून,” आर्नल्ड म्हणाला. “शेत लिहून दिलं त्या आठवड्यात बाबांनी सांगितलं. आई धरणावरच्या मजुरांच्या खानावळीत होती. तो माणूस दुसऱ्या कामावर निघून गेला. नावसुद्धा बाबांना माहीत नव्हतं. बाबांनी तिच्याशी लग्न केलं. मला म्हणाले, पोराला मी नाव दिलंय, जमीन देणार नाही.”

“नाव दिलं.”

“असं म्हणाले.”

“कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधतात तसं. हरवला तर परत आणून देता यावा म्हणून.” विल्फ थांबला, दोन श्वास घेतले. “मग तू का नाही बोललास?”

“वचन दिलं होतं.”

“बाबा चौऱ्याहत्तर साली गेले. आई एकोणनव्वदला. त्यानंतर तू वचन कुणाला देत होतास, आर्नल्ड? मेंढ्यांना?”

आर्नल्ड म्हणाला की तुला वाईट वाटलं असतं.

“मला वाईटच वाटत होतं,” विल्फ म्हणाला. “चव्वेचाळीस वर्षं. दर नाताळला मी वर यायचो, तुझ्या टेबलावर बसायचो, आणि माझं काय चुकलं ते शोधत बसायचो. लहानपणी कधी फाटक उघडं ठेवलं का, बाबांना कधी उलट बोललो का. सत्तर-पंच्याहत्तरीचा झालो तरी शोधत होतो. एक वाक्य सांगायचं होतंस तू.”

आर्नल्डने टोपी घातली आणि तो गेला. गाडीचा आवाज वर विरला. मग विल्फने एनिडला विचारलं, “आणि तुला किती दिवस?”

“पाच आठवडे.”

“तो चव्वेचाळीस वर्षं, तू पाच आठवडे.” विल्फने मान हलवली. “हॅस्करगिल शोभतेस.”

एनिडने सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला, की तिने यादीत ते लपवलं होतं, त्याच्यासाठीच लपवलं होतं. विल्फने हात वर केला आणि तिने बोलणं थांबवलं. संध्याकाळी तो म्हणाला की ग्रंथात त्याची नोंद थेल्माच्या पानावर कर. एनिड म्हणाली, ती तसं करणार नाही, पाहिजे तर ग्रंथच छापणार नाही. विल्फ म्हणाला, “दुसऱ्यांच्या आजोबांना केलंस ते. आता घरच्याला कर.”

तिने थेल्माला फोन केला. का केला ते तिला नीट सांगता आलं नसतं. थेल्माने सगळं ऐकून घेतलं. एनिड म्हणाली की त्या वेळी तिने केलं ते चुकलं, तिला क्षमा मागायची आहे. थेल्मा ओरडली नाही. “तुझ्या अंगावर आलं म्हणून तुला चूक दिसली,” ती म्हणाली. “नाहीतर अजून बरोबरच असतीस.” आणि तिने विल्फची तब्येत विचारली, आणि फोन ठेवला.

ग्रंथ छापला गेला. ग्रॅहमने एनिडला अतिशय सभ्य भाषेत विचारलं होतं, की काकांच्या बाबतीत नियम पाळायचा ना, कारण सभासद विचारतायत. नियम तिचाच होता. शेवटच्या पानावर, ‘नाव धारण केलेले’ या मथळ्याखाली, थेल्माच्या माणसांनंतर विल्फ्रेडचं नाव आलं, जन्मतारखेसह. बापाच्या जागी आडवी रेघ. एनिडने मुद्रितं स्वतः तपासली. एकही चूक सापडली नाही. जूनच्या मेळाव्यात ग्रंथाचं कौतुक झालं, तिला फुलं दिली गेली. ती फुलं घेऊन घरी आली तेव्हा विल्फ खुर्चीतच झोपला होता, किंवा झोपल्यासारखा बसला होता.

त्यानंतर तो दर गुरुवारी बसने धरणावर जाऊ लागला. नळकांडीची पिशवी खांद्याला, हातात काठी. जायला पंचवीस मिनिटं, तिथे बाकावर तासभर, परत यायला पंचवीस मिनिटं. एनिड एकदाच बरोबर गेली. पाणी शिशाच्या रंगाचं होतं, वारा खूप होता. विल्फने बांधावरच्या दगडांकडे पाहिलं आणि म्हणाला, “काम चांगलं केलंय. एक सांधा हललेला नाही.” त्या माणसाविषयी तो एवढंच बोलला. त्याला शोधायचा प्रयत्न त्याने केला नाही. कोणतं नाव शोधायचं, हेच माहीत नव्हतं.

त्याच बाकावर एनिडने मनातलं बोलून टाकलं. इतकं सगळं बाहेर आलंच आहे तर हेही यावं, असं तिला वाटलं. ती म्हणाली, “मला इतकी वर्षं वाटायचं की शेत माझ्यामुळे गेलं. मूल झालं नाही म्हणून.”

विल्फ पाण्याकडेच बघत होता. “मलाही तेच वाटायचं,” तो म्हणाला.

त्याने हे रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. रागावला असता तर मागाहून शब्द परत घेतला असता. चव्वेचाळीस वर्षं एका बिछान्यावर झोपून, एका किटलीतला चहा पिऊन, त्याने तिला मनात दोषी धरलं होतं आणि चांगुलपणाने कधी बोलला नव्हता. त्या चांगुलपणाचं आता काय करायचं, तिला कळेना. बस यायला वीस मिनिटं होती.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये विल्फ गेला. दवाखान्यातल्या मुलीला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, की आत बोलावताना नुसतं विल्फ्रेड म्हण. तिने शेवटपर्यंत तसंच म्हटलं. आर्नल्डने निरोप धाडला, की चर्चमागच्या हॅस्करगिलांच्या रांगेत जागा आहे, आई-बाबांशेजारी, ग्रॅहमचीही हरकत नाही. ‘हरकत नाही’ हा शब्द एनिडने दोनदा वाचला. पण विल्फने स्वतःच लिहून ठेवलं होतं, की मला त्या रांगेत ठेवू नका. दहन झालं. अस्थी धरणात टाकायला परवानगी मिळत नाही असं पाणीखात्याचं पत्र आलं. एनिडने ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि गुरुवारच्या बसने जाऊन अस्थी बांधावरून टाकल्या. वारा उलटा होता. थोडी राख कोटावर आली, ती तिने बसमध्ये बसून हाताने झटकली.

वह्या, नोंदी, तेहतीस वर्षांची खोकी, सगळं तिने ग्रॅहमच्या स्वाधीन केलं. तो आनंदाने घेऊन गेला. मेळाव्याला ती जात नाही. तिच्या दाराच्या घंटीखाली अजून हॅस्करगिल असंच आहे. माहेरचं नाव परत घ्यावं का, असं तिच्या मनात आलं होतं, पण सगळी कार्यालयं फिरायची, सगळे कागद बदलायचे, ते पंच्याहत्तरी उलटल्यावर तिच्या जिवावर आलं.

आर्नल्ड मात्र येतो. दर मंगळवारी, गुडघे धरून, अंड्यांचा खोका दारात ठेवतो, टकटक करतो, थोडा थांबतो आणि जातो. एनिड दार उघडत नाही. गेल्या महिन्यात तो नेहमीपेक्षा जास्त थांबला. बंद दाराशी बोलला, “एनिड, तू तरी आमच्यातली आहेस.”

ती दाराच्या आतच, हातभर अंतरावर उभी होती. गाडी वळून वर गेल्याचा आवाज आला तेव्हा तिने खोका आत घेतला. सहा अंडी होती, एक तडकलेलं. ते तिने लगेच तळलं आणि उभ्या उभ्याच खाल्लं.